पंचवीस टक्क्यांतून मिळालेली शाळा : तीन वर्षांनंतरचा अभिप्राय

माझ्या भाचीची तिसरीची वार्षिक परीक्षा एप्रिल २०२५ मध्ये संपली आणि शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून कोल्हापुरातील एका खासगी, विनाअनुदानित, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिने प्रवेश घेतल्याला तीन वर्षे पूर्ण झाली. तिचे वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत कंत्राटी कामगार आहेत, आईला शिवणकामाच्या कारखान्यातून मधल्या वेळी सुटी मिळत नाही आणि मी छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम करत असल्यामुळे दोन तास पुढे-मागे करून घेणे मला जमते. म्हणून तिच्या बहुतेक पालकसभांना मीच गेले. दरवर्षी अर्ज भरायची वेळ आली की आमच्या राजेंद्रनगरातील चार-पाच घरांतून विचारणा होते, ‘शाळा कशी आहे?’ या प्रश्नाचे उत्तर दारात उभे राहून देता येण्यासारखे नाही. म्हणून ते सविस्तर लिहीत आहे. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण मुलीला अजून पाच वर्षे त्याच वर्गांत बसायचे आहे.

आधी या प्रवेशाविषयी थोडे सांगायला हवे, कारण अनेक पालक अजूनही याला ‘शाळेने दिलेली सवलत’ म्हणतात आणि तिथूनच पुढची सारी गडबड सुरू होते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ (१) (सी) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान पंचवीस टक्के जागा परिसरातील वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांना द्यायच्या असतात आणि त्या मुलांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचे असते. खासगी शाळांनी याविरुद्ध दाद मागितली होती, परंतु सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र यातून वगळल्या आहेत, त्यामुळे घराजवळची एखादी नावाजलेली शाळा यादीत दिसली नाही तर हे कारण असू शकते. थोडक्यात, ही जागा मुलाची आहे आणि शाळा ती कायद्याने भरते. आभाराचे शब्द माणुसकीपोटी जरूर बोलावेत, पण मान खाली घालून बोलण्याचे कारण नाही.

अर्ज भरण्याच्या टप्प्यावर मी फार रेंगाळत नाही. दहापर्यंत शाळा निवडता येतात, नकाशावर घराची खूण अचूक करावी लागते आणि ती शंभर-दोनशे मीटर इकडे-तिकडे झाली तर पडताळणीच्या वेळी अर्ज अडकतो, म्हणून सेवा केंद्रात अर्ज भरणाऱ्याच्या शेजारी बसून ती खूण स्वतःच्या डोळ्यांनी तपासावी. आमचा अर्ज अनुसूचित जातीच्या प्रवर्गातून होता, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला लागला नाही, जातीचा दाखला लागला. ज्यांचा अर्ज आर्थिक दुर्बल घटकातून असतो त्यांना मात्र वर्षाला एक लाखाची मर्यादा आहे, म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. आमच्या समोरच्या घरातील बाप हमाली करतो आणि आई चार घरची धुणी-भांडी करते. त्या दोघांची मिळकत एकत्र धरली की हा आकडा ओलांडला जातो आणि त्यांचा मुलगा कागदोपत्री दुर्बल राहत नाही. ही मर्यादा वाढायला हवी असे मला मनापासून वाटते.

सोडतीत नाव आल्याचा निरोप मोबाइलवर आला त्या दिवशी माझ्या बहिणीने अंबाबाईला जाऊन ओटी भरली. दोन दिवसांनी आम्ही कागदपत्रे घेऊन शाळेत गेलो. कार्यालयातील वागणूक सभ्य होती, बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी मिळाले, हे नोंदवायला हवे. परंतु मुलीला वेगळ्या खोलीत नेऊन चित्रांचे पत्ते दाखवून छत्री, घोडा, सफरचंद यांची इंग्रजी नावे विचारण्यात आली आणि तिला ती येत नाहीत असे एका कागदावर लिहिण्यात आले. कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकाची कोणतीही चाळणी घेता येत नाही, आणि तशी ती घेतली तर पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर तो कागद मी फाइलला लागू दिला नसता, कारण पुढे वर्षभर ‘हिला काहीच येत नव्हते’ हे वाक्य त्या कागदाच्या आधाराने आम्हाला ऐकवले गेले. सहा वर्षांच्या मुलीला जे येत नाही ते शिकवण्यासाठीच तर शाळा असते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. शाळा कशी आहे याचे उत्तर मला जूनच्या शेवटच्या आठवड्यात, प्रवेशानंतर पंधराच दिवसांनी मिळाले. पाऊस सुरू झाला होता आणि मुलगी रेनकोट विसरून गेली होती, म्हणून मी कामावर जाता जाता तो द्यायला शाळेत गेले. शिपाईमामांनी वर्गाच्या दारापर्यंत जाऊ दिले. खिडकीतून दिसले ते असे : दाराजवळच्या शेवटच्या दोन बाकांवर चार मुले बसली होती आणि त्या चौघांपुढे पुस्तक नव्हते. शाळेची पुस्तके खासगी प्रकाशनाची, संच ५,२०० रुपयांचा, आणि तो शाळेतूनच घ्यायचा अशी पद्धत होती. आमचे पैसे पगार झाल्यावर द्यायचे ठरले होते. पुढच्या बाकावरच्या मुलीने आपले पुस्तक मागे वळवून आमच्या मुलीला दिसेल असे धरले होते, पण ते तिच्या बाजूने सुलट होते आणि आमच्या मुलीच्या बाजूने उलटे. भाची मान वाकडी करून उलटी अक्षरे वाचत होती आणि वहीत ती सुलटी उतरवत होती. एक ओळ संपली की पुढची मुलगी बोटाने पुढची ओळ दाखवत होती.

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षे छापखान्यात छपाईच्या उलट्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले. उलटी अक्षरे सुलट अक्षरांच्या वेगाने वाचणे हे त्या कामाचे कसब होते आणि ते अंगी यायला त्यांना वर्षे लागली होती. त्या खिडकीपाशी मला त्यांची आठवण झाली. संध्याकाळी घरी मी भाचीला विचारले तर ती अभिमानाने म्हणाली, ‘‘मावशी, मला उलटं पण वाचता येतंय. मी सगळं लिहून काढलो.’’ तिच्या दृष्टीने ती जिंकली होती. मला मात्र रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीने मला समजावले, ‘‘अगं, एवढी मोठी शाळा मिळाली हेच लई झालं. तू तिथं जाऊन काय बोलू नकोस, पोरीला तरास देतील.’’ ही भीती खरी असते, आणि माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतील सर्वांत मोठा दोष हाच आहे की हक्काने प्रवेश मिळालेल्या मुलाचे पालक उपकृत असल्यासारखे गप्प राहतात.

पुस्तकांच्या बाबतीत कायदा काय म्हणतो ते मी नंतर शोधून वाचले. कलम ३ मध्ये स्पष्ट आहे की जी फी, आकार किंवा खर्च मुलाला प्राथमिक शिक्षण घेण्यापासून आणि ते पूर्ण करण्यापासून अडवू शकेल असा कोणताही खर्च त्याच्यावर लादता येत नाही. कायद्याखालच्या नियमांत तर याहून बारकाईने लिहिले आहे : या जागांवरील मुलांना वर्गात इतरांपासून वेगळे बसवू नये, त्यांचे वर्ग वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळी भरवू नयेत, आणि पाठ्यपुस्तके, गणवेश, ग्रंथालय, संगणक, खेळ व अभ्यासेतर उपक्रम यांत त्यांच्याबाबत भेदभाव करू नये. मी हा मजकूर मोठ्या अक्षरांत छापून घेतला आणि पालकसभेला सोबत नेला. पहिल्या वर्षी त्याचा उपयोग एवढाच झाला की चौघांना शाळेने मागच्या वर्षीचे दोन संच वापरायला दिले आणि बाक बदलले. पैसे मात्र हप्त्याने का होईना, घेतलेच. त्यांची पावती ‘शैक्षणिक साहित्य’ या नावाने मिळाली, ती मी जपून ठेवली आहे.

दुसऱ्या वर्षातली गोष्ट याहून लहान आहे, पण मला ती जास्त लागली. एके दिवशी जेवताना भाचीने विचारले, ‘‘मावशी, आर म्हंजे काय गं? बाईंच्या वहीत माझ्या नावापुढं लाल आर हाय.’’ मी पुढच्या पालकसभेत हजेरीपट पाहायला मागितला. वर्गात चाळीस मुले होती. एक ते तीस क्रमांकांची मुले आडनावाच्या वर्णक्रमाने लावलेली होती आणि एकतीस ते चाळीस या दहा क्रमांकांवर पंचवीस टक्क्यांतील मुले होती, त्यांच्यापुढे लाल शाईने इंग्रजी ‘आर’ हे अक्षर काढलेले होते. हजेरी रोज मोठ्याने घेतली जाते. त्यामुळे एकतीसपासून पुढे कोण आहेत हे वर्गातील प्रत्येक मुलाला ठाऊक झाले होते आणि खेळाच्या मैदानावर ‘थर्टी वन वाले’ असा शब्दही रूढ झाला होता. तो शब्द उच्चारणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही. मोठ्यांनी वहीत ओढलेली रेघ त्यांनी फक्त वाचून दाखवली.

मी मुख्याध्यापिकांना लेखी पत्र दिले. त्यांचे म्हणणे असे होते की या मुलांची सोडत उशिरा लागते, तोवर वर्गाची यादी तयार झालेली असते, म्हणून नावे शेवटी येतात; आणि शुल्क प्रतिपूर्तीचा, म्हणजे या मुलांची फी शासनाकडून परत मिळवण्याचा, प्रस्ताव पाठवताना कार्यालयाला ही नावे पटकन सापडावीत म्हणून खूण केली जाते. हे स्पष्टीकरण मला खोटे वाटले नाही. परंतु कार्यालयाची सोय कार्यालयातील कपाटात राहावी, ती वर्गातल्या हजेरीत येऊ नये, आणि पहिलीला नावे शेवटी आली तरी दुसरीला ती वर्णक्रमाने का लागली नाहीत, एवढे दोनच मुद्दे मी मांडले. त्यांनी ऐकून घेतले. त्या वर्षी काही बदलले नाही. तिसरीच्या पहिल्या दिवशी मात्र भाची घरी येऊन दप्तर खाली ठेवायच्या आत म्हणाली, ‘‘माझा नंबर सतरा हाय.’’ यादी वर्णक्रमाने लागली होती आणि लाल खुणा गेल्या होत्या. शाळेला या एका दुरुस्तीबद्दल मी पूर्ण श्रेय देते, कारण तसे करायला कोणी भाग पाडले नव्हते.

हे सारे कोल्हापुरात घडते म्हणून अधिक टोचते. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली, आणि ती मागणी प्रत्यक्षात आणणाऱ्या पहिल्या राज्यकर्त्यांमध्ये आमचे शाहू महाराज होते. १९१७ साली त्यांनी संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. त्याहून महत्त्वाचे पाऊल त्यांनी १९१९ साली उचलले. अस्पृश्य मुलांसाठी असलेल्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर सरकारी शाळांत बसवावे असा त्यांचा हुकूम निघाला. माझे पणजोबा त्या काळातले. शाळेत बसायला मिळाले की नाही हे आमच्या घरात कोणाला सांगता येत नाही, पण त्या हुकमाची गोष्ट आजी सांगायची. दसरा चौकातल्या महाराजांच्या पुतळ्यावरून मी रोज कामाला जाते. वेगळी शाळा मोडून काढल्याला शंभरावर वर्षे झालेल्या गावात वर्गाच्या आत वेगळा बाक आणि हजेरीत वेगळी खूण राहू नये, एवढीच अपेक्षा आहे आणि ती मोठी नाही.

शाळेच्या अध्यापनाविषयी मला चांगले सांगायचे आहे. गणित फार मन लावून शिकवले जाते. बेरीज-वजाबाकी मणी, काड्या आणि पैशांच्या नोटा-नाण्यांवरून घेतली जाते, आणि आमच्या भाचीला दुसरीतच बाजारात गेल्यावर सुटे पैसे मोजून परत घेता येऊ लागले. वर्गात हवा आणि उजेड भरपूर आहे, मुलींसाठी स्वच्छतागृहे वेगळी व खरोखर स्वच्छ असतात, पाण्याची टाकी धुतल्याची तारीख भिंतीवर लिहिलेली असते. मारणे नाही. कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि शारीरिक शिक्षेच्या बाबतीत ही शाळा ते कसोशीने पाळते. तिसरीच्या वर्गशिक्षिकांचा तर मी आवर्जून उल्लेख करते. इंग्रजीत मागे असलेल्या सात-आठ मुलांना त्या मधल्या सुट्टीनंतर पंधरा मिनिटे गोष्टींची पुस्तके वाचायला बसवत, आणि त्या गटात फी भरणारी मुलेही होती, पंचवीस टक्क्यांतलीही होती. मागे कोण आहे हे त्यांनी प्रवेशाच्या कागदावरून ठरवले नाही, वाचून घेऊन ठरवले. एका शिक्षिकेने एका वर्षात जे केले ते आधीच्या दोन वर्षांत सगळ्या व्यवस्थेला जमले नव्हते.

मराठी विषयाची उपेक्षा मात्र आहे. राज्यात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, तरीही मराठीचा तास दुसऱ्या विषयाला देऊन टाकण्याची सवय येथे दिसते. ज्या मुलांच्या घरात मराठीशिवाय दुसरी भाषा नाही त्यांचे यात दुहेरी नुकसान होते, कारण वर्गात ज्या एका विषयात ती सर्वांच्या पुढे असू शकली असती तोच तास त्यांच्या हातून जातो.

खर्चाची बाजू अशी. पहिल्या वर्षी पुस्तके, गणवेश, बूट, मोजे आणि ओळखपत्र मिळून आमचे साधारण नऊ हजार रुपये गेले. शाळेची बस परवडत नाही, म्हणून भाची आजोबांबरोबर चालत जाते आणि पावसाळ्यात रिक्षाने. स्नेहसंमेलनात नाचायचे असेल तर पोशाखाचे १,२०० रुपये भरावे लागतात. पहिल्या दोन वर्षी तिने नाचात नाव दिले नाही आणि विचारले तर ‘‘मला आवडत न्हाई’’ म्हणायची. तिसऱ्या वर्षी तीच घरात आरशापुढे सगळा नाच करताना दिसली. न परवडणारी गोष्ट न आवडणारी आहे असे सांगायला मुले फार लवकर शिकतात, आणि कोणत्याही शाळेने आपल्या निकालाच्या फलकावर लिहिण्याआधी ही गोष्ट पाहावी. गृहपाठ मोबाइलवरील ॲपवर येतो. घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर रात्रपाळीला जातो, ही अडचण सांगितल्यावर वर्गशिक्षिकांनी गृहपाठ डायरीत लिहून द्यायला सुरुवात केली. अडचण सांगायलाच हवी, ती सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाही, हा माझा अनुभव.

शाळेच्या बाजूने एक गोष्ट न लिहिणे अन्यायाचे होईल. या मुलांच्या शिक्षणाचा खर्च शासनाने शाळेला परत द्यायचा असतो. कलम १२ (२) नुसार शासनाचा एका मुलामागे होणारा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते, आणि महाराष्ट्रात हा दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये धरला जातो. आमच्या शाळेची फी याच्या दुपटीहून अधिक आहे. त्यातही ही प्रतिपूर्ती वेळेवर येत नाही, राज्यभरातील शाळांची थकबाकी वर्षानुवर्षे साचते. ही तक्रार रास्त आहे आणि शासनाने ती सोडवायला हवी. पण हे येणे शाळेचे शासनाकडे आहे. पालकसभेत सर्वांसमोर ‘तुमचे पैसे अजून आले नाहीत’ असे आमच्याकडे पाहून सांगितले जाते तेव्हा जणू मुलगीच देणे लागते असा अर्थ होतो. शेजारी बसलेल्या बापाने त्या वेळी खिशातून पाकीट काढले होते. त्याला वाटले, आताच काही भरायचे आहे.

अशा वेळी बोलायचे कुठे, हाही प्रश्न आहे. महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. विनाअनुदानित शाळा या कलमातून वगळलेल्या आहेत. म्हणजे जिथे आमची मुले अल्पसंख्येने आहेत आणि जिथे त्यांच्या पालकांना आवाजाची सर्वांत जास्त गरज आहे तिथेच ही समिती बंधनकारक नाही. कायद्यातली ही फट मला गंभीर वाटते. पालकांजवळ उरतो तो कलम ३२ चा मार्ग : स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करायची, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, आणि तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. आम्ही अजून तिथवर गेलेलो नाही. मुख्याध्यापिकांना दिलेल्या प्रत्येक पत्राच्या प्रतीवर पोहोच घेऊन ठेवणे एवढे शहाणपण मात्र सुरुवातीपासून पाळले.

महापालिकेची शाळाच का निवडली नाही, असे मला विचारले जाते. प्रश्न योग्य आहे. जरगनगरातील महापालिकेच्या जरग विद्यामंदिरात गुढीपाडव्याच्या प्रवेशासाठी पालक आदल्या रात्रीपासून रांग लावतात, हे कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. तशी शाळा आमच्या घराजवळ असती तर मी बहिणीला डोळे झाकून तीच सुचवली असती. सगळ्याच सरकारी शाळा तशा झाल्या तर पंचवीस टक्क्यांच्या सोडतीची कोणाला गरजही पडणार नाही. पण शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये उलटा मार्ग धरला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट, असा बदल नियमांत केला. शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा बहुधा असतेच, त्यामुळे शहरातील जवळपास सर्व खासगी शाळा यातून सुटल्या असत्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला. या खेळात त्या वर्षीच्या मुलांचे शाळेचे पहिले आठवडे गेले. आमच्या गल्लीतील एक मुलगा जूनभर नवे दप्तर अंगणात घेऊन बसायचा आणि समोरून जाणाऱ्या शाळेच्या बसला हात करायचा. त्याचे नाव पुढे लागले, पण तोवर वर्गात दोन अक्षरगट शिकवून झाले होते.

पाच ताऱ्यांत सांगायचे तर शिकवण्याला मी चार देईन, इमारत व स्वच्छतेला पाच, आणि समान वागणुकीला पहिल्या वर्षी एक दिला असता, आज अडीच देते. एकूण तीन. शाळा घ्यावी का, असे मला विचाराल तर घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून. प्रवेशाच्या दिवशी मुलाची तोंडी परीक्षा होऊ देऊ नये. कोणत्याही रकमेची नावासह पावती मागावी. पहिल्या महिन्यात एकदा तरी वर्ग चालू असताना बाहेरून पाहावा, मूल कोणत्या बाकावर आहे आणि त्याच्यापुढे पुस्तक आहे का हे बघावे. आपल्या वर्गातील या जागांवरच्या इतर पालकांशी ओळख करून घ्यावी. आम्ही दहांपैकी सहा घरे आता एकत्र आहोत आणि पत्रावर सहा सह्या असल्या की उत्तर लवकर येते. आणि हा कायदा आठवीला संपतो हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावे. नववीत पूर्ण फी भरावी लागते, नाहीतर मुलाला ओळखीची शाळा आणि मैत्रिणी ऐन महत्त्वाच्या वर्षी सोडाव्या लागतात. त्यासाठी आम्ही बहिणीला पोस्टात दरमहा थोडी रक्कम टाकायला लावली आहे. ही तरतूद बारावीपर्यंत, निदान दहावीपर्यंत वाढावी यासाठी पालकांनी बोलत राहायला हवे.

एक काम अजून राहिले आहे. पुढच्या वर्गात गेलेल्या मुलांचे जुने संच शाळेने गोळा करावेत, ग्रंथालयात ठेवावेत आणि या दहा मुलांना पहिल्या दिवशीच वापरायला द्यावेत, असा अर्ज आम्ही सहा पालकांनी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दिला. मुख्याध्यापिकांनी तोंडी होकार दिला आहे. आम्ही तो लेखी मागितला आहे. चौथीचे वर्ग जूनच्या मध्याला सुरू होतील, त्या दिवशी पहिल्या तासाला मी खिडकीपाशी जाऊन पाहणार आहे आणि जे दिसेल ते येथेच लिहीन.